सुचवणी बंद

हे सगळं मी डाव्या हाताच्या एका बोटानं लिहितोय आणि सुचवणी बंद आहे. त्यामुळं कुठं काना राहिला, कुठं मात्रा घसरली, तर ती चूक माझी समजा. माझी स्वतःची, अस्सल. तिच्यासाठी मी काय घालवलं ते ऐकलंत तर तुम्ही ती खोडायला जाणार नाही.

मी जालिंदर सूर्यवंशी. कडेगाव, विटा, पलूस या पट्ट्यात कुस्तीचं मैदान बघितलेल्या माणसाला माझं नाव सांगावं लागत नाही. पैलवान नव्हे हो, निवेदक. हलगी कडाडली, लाल मातीत जोड भिडली की माइकवरनं जो आवाज यायचा तो माझा. 'अरे, पट काढला! धर, सोडू नको, शेवटच्या रांगेतनं आई बघतीय तुझी!' असलं काहीबाही सुचत जायचं आणि माणसं फेटे उडवायची. पडलेल्या पैलवानाचंही असं कौतुक करायचो की जिंकलेला हिरमुसायचा. बोलणं हाच माझा धंदा. घरात मात्र, आमची वनिता म्हणायची तसं, माइक बंद.

लॅपटॉप घेतला तो रोजच्या वापराला. पैलवानांची माहिती लिहून ठेवायची, पेपरला मजकूर पाठवायचा, लाइटबिल भरायचं, दुसरं काय? त्याचं नाव 'उमज'. करड्या रंगाचा, दिसायला अगदी साधा. आमच्या सईनं त्याच्या झाकणावर गदेचं चित्र चिकटवलं होतं. तेव्हा घरोघरी उमज आले होते, त्यामुळं आपण काही जगावेगळं घेतोय असं वाटलंही नाही.

पण ते यंत्र आतनं वेगळं होतं. आधीचे कॉम्प्युटर तुमचं लिखाण साठवायचे. उमज ते मुरवून घ्यायचा. त्याच्या चिपमध्ये म्हणे मेंदूत असतात तशा बारीक बारीक जोडण्या होत्या. रानात पायवाट कशी पडते? एकजण गवतातनं गेला की गवत दबतं, उद्या परत तिथनंच गेला की आणखी दबतं, आणि जिकडं कुणी फिरकत नाही तिकडं गवत माजतं. तसंच हे. एका शब्दामागं तुम्ही दुसरा लिहिलात की त्या दोघांमधली वाट जरा रुंद व्हायची. न वापरलेली बुजून जायची. काही वर्षांत तुमच्या बोलण्याच्या सगळ्या वाटा त्याच्या पोटात पडायच्या. तुम्ही एक अक्षर दाबलं की तो पुढचं वाक्य सुचवायचा, आणि ते वाक्य तुमचंच असायचं, तुमच्या शिव्यांसकट. त्याच्या चिपची नक्कल कुठंच ठेवलेली नसायची. 'तुमचं मन तुमच्याच घरात' अशी कंपनीची जाहिरात होती. लई भारी वाटायचं ऐकायला.

त्याला पासवर्डही नव्हता. कळ किती जोरात दाबता, दोन कळांच्या मध्ये बोट किती रेंगाळतं, यावरनं तो मालकाचा हात ओळखायचा. वनितानं बसून काही टाइप केलं तर निमूट लिहू द्यायचा, पण शिकायचा मात्र फक्त माझ्याकडनं.

मग देवराष्ट्र्याच्या मैदानात, चालू कुस्तीत मला अर्धांगाचा झटका आला. पोरगं घिस्सा डाव मारायला वळलं, मी 'घिस्सा' म्हणायला तोंड उघडलं, आणि शब्द जिभेवर येऊन तिथंच विरला. लोकांना वाटलं माइक गेला. वायरमन पळतही आला बिचारा. मी तोवर खुर्चीतनं कलंडलो होतो.

उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायची वेळ आली, आणि वाचा गेली. एवढंच असतं तरी सोसलं असतं. पण डोकं शाबूत राहिलं हो! आत सगळं बोलणं जसंच्या तसं, आणि बाहेर यायचं दार तेवढं बंद. मानेचाही भरवसा नव्हता. हो म्हणायला जावं तर मान आडवी हलायची. डाव्या हातात पाटीवरची पेन्सिल दिली तर नुसत्या रेघोट्या. डॉक्टर वनिताला म्हणाले, "त्यांच्या मानेवर जाऊ नका. एका बोटानं अक्षर शोधू शकतायत, तर लॅपटॉपवर बोलू द्या."

मी कळ दाबली आणि उमजनं पडद्यावर दाखवलं, 'हात ओळखता येत नाही. सुचवण्या मिळणार नाहीत.' माझाच लॅपटॉप, आणि मलाच ओळख दाखवायला तयार नाही! मी रडलो त्या दिवशी. रडायला जीभ लागत नाही.

सांगलीच्या सर्व्हिस सेंटरमधली आफरीन मुजावर नावाची मुलगी घरी आली. हुशार पोरगी, बोलायलाही गोड. तिनं हाताची ओळख बंद करून टाकली, म्हणजे माझ्या डाव्या हाताचं एक बोटही चालेल. बोट फार वेळ अडखळलं तर सगळ्यात वरची सुचवणी आपोआप बोलली जाईल अशी सोय केली. माझ्या जुन्या निवेदनांची रेकॉर्डिंगं त्याला ऐकवली, त्यातनं त्यानं माझा आवाज उचलला. "दाबा आता काका," ती म्हणाली.

मी 'च' दाबला. उमज माझ्या मैदानी आवाजात गरजला, "चहा आणा की राव, घशाला कोरड पडली!"

वनितानं पदर तोंडाला लावला. सई मला मिठी मारून हसत होती आणि रडत होती. मला तर त्या यंत्राची दृष्ट काढावीशी वाटली.

आता वनिताचं सांगतो. तिचा स्वभाव उरका पाडण्याचा. समोरचा वाक्य शोधत थांबला की ती पुरं करून मोकळी. आमच्या लग्नानंतर पाहुण्यांत मला कुणी विचारलं, भाजी आणखी हवी का, तर उत्तर हिचं, "ह्यांना बास झाली." आमच्याकडं बायका नवऱ्याच्या वतीनं असं बोलतातच, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. गावभर बोलून घसा सुकवून आलेल्या माणसाला घरी कुणीतरी आपल्या जागी बोलतंय हे बरंच वाटायचं.

मी एक अक्षर दाबून दुसरं शोधत बसायचो. तिच्या हातात पोळपाट नाहीतर औषधाची बाटली. ती मागनं वाकायची, सुचवण्या वाचायची आणि पटकन एकीवर बोट ठेवायची. "हेच ना? मला ठाऊक आहे." सुरुवातीला असायचंही तेच. नंतर 'तेच' च्या आसपासचं असायचं. आणि हात ओळखायची सोय बंद होती, त्यामुळं उमजला वाटायचं, हे माझंच बोट. तिच्या प्रत्येक टिचकीसरशी तिची वाट रुंद होत होती आणि माझ्या वाटेवर गवत माजत होतं.

हळूहळू मी नेमस्त झालो. काय सांगू! कदमांचा भिकू भेटायला आला, ज्याला मी जन्मात कधी शिवी दिल्याशिवाय हाक मारली नाही, त्याला माझा आवाज म्हणाला, "या, बसा भाऊ. घरी सगळी बरी आहेत ना?" भिकू बावचळून वनिताकडं बघायला लागला. बाहेर गेल्यावर तो तिला म्हणाला ते मला ऐकू आलं, "वहिनी, माणूस लई बदलला हो. दुखण्यानं शहाणा झाला." मला उठून त्याच्या कंबरड्यात लाथ घालावीशी वाटली.

पण खरा घाव वेगळाच होता. एकदा वनिता माझ्या पायाला तेल चोळत होती. पोटरीत गोळा आला. 'थांब' म्हणायचं म्हणून मी 'थ' दाबला आणि कळवळलो, तिथंच बोट अडखळलं. उमज हळू आवाजात म्हणाला, "थकलीस का गं? बस की जरा."

तिचे हात थांबले. ती माझ्याकडं बघत राहिली. मग माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली. "इतक्या वर्षांत," ती म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलंत."

मी विचारलं नव्हतं हो! ते तिनंच कधीतरी, मनात घोळत असलेलं, कुठल्याशा सुचवणीवर बोट ठेवून त्याच्या पोटात घातलं होतं, आणि तेच माझ्या आवाजात परत आलं होतं. मला यंत्राचा मत्सर वाटला. माझी बायको माझ्या देखत दुसऱ्याच्या बोलण्यावर रडत होती आणि तो दुसरा मीच होतो. नाही, ते मी नव्हे, असं सांगायला तोंड कुठं होतं? आणि खरं सांगू, असतं तरी त्या घडीला सांगवलं नसतं.

त्यानंतर ती उमजशी जास्तच बोलायला लागली. स्वयंपाक करताना त्याला ओट्यावर ठेवायची, मधूनच एखादी कळ दाबायची, की तो बोलायचा. मी खाटेवर इकडं, माझा आवाज तिकडं. आत दोघांचं छान चाललेलं असायचं.

आता सई. सई पैलवान आहे. मीच तिला मातीत उतरवली, भावकीशी भांडून. खांद्याच्या दुखापतीनं तिची खेळायची उमेद गेली तेव्हा मीच म्हणालो होतो, "खेळता येत नाही तर खेळव. वस्ताद हो." पंजाबात कुस्तीच्या प्रशिक्षकांचा दोन वर्षांचा कोर्स आहे, तिथं तिनं अर्ज केला. मला झटका आला त्याच्या आधीची ही गोष्ट. आणि आता तिची तिथं निवड झाली. पोरगी मोबाइल नाचवत घरात आली आणि माझ्या खाटेपाशी बसली.

"पप्पा," ती म्हणाली, "तुमचं असं असताना मी जाऊ का? तुम्ही सांगाल तसं. तुम्ही राहा म्हणालात तर राहते. मला वाईट वाटणार नाही."

वनिता दारात उभी होती. तिचा चेहरा मी बघितला. नवरा लुळा, पोरगी दोन वर्षं परमुलखात, या घरात एकटीनं दिवस काढायचे. भ्याली होती बिचारी. पण तोंडानं एक अक्षर बोलली नाही, हे मी तिच्या बाजूनं सांगतो. उमज तिनंच आणून माझ्या मांडीवर ठेवला.

मला दोनच कळांएवढं काम होतं. जा. मी 'ज' दाबला. काना शोधायला लागलो. काना कुठं गेला कुणास ठाऊक! बोट कळांवरनं नुसतं फिरत राहिलं. पडद्यावर सुचवण्या चढल्या, आणि काना सापडायच्या आत वनिताचं बोट मागनं आलं. सवयीनंच. बाटलीला बूच लावावं तसं.

"जाऊ नकोस सई," माझा आवाज म्हणाला. "तू गेलीस तर आमचं कसं होणार? इथंच राहा बाळा. इथंच काहीतरी बघू."

सईचा चेहरा उतरला, मग तिनं तो लगेच नीट केला. "बरं पप्पा," ती म्हणाली. एवढंच.

मी खवळलो. 'न' दाबला, नाही म्हणायला. "नको गं हट्ट करू," आवाज म्हणाला. 'ख' दाबला, खोटं आहे म्हणायला. "खरंच सांगतोय बाळा." मी कीबोर्डवर मूठ आपटली. "आपटू नका, बीपी वाढेल," मलाच माझा आवाज सांगत होता! काय करावं माणसानं? मी घशातनं ओरडलो, तर नुसती रेड्यासारखी आरोळी. वनिता घाबरून पाणी आणायला पळाली. सईनं मला कवेत धरलं आणि कानात म्हणाली, "शांत व्हा पप्पा. नाही जात मी. कुठंच नाही जात." आणि मी तिच्या मिठीत आणखीनच ओरडत होतो.

त्यानंतरचे दिवस मला आठवायचेसुद्धा नाहीत. जितकं सांगायला जावं तितकं उलटं होत होतं. मी जेवण सोडलं आणि कारण लिहायला गेलो तर उमज म्हणाला, भूक नाही. मी त्याला मांडीवरनं ढकललं तर तो खालच्या गादीवर कळांवरच पडला आणि पडल्या पडल्या म्हणाला, "चुकून पडला." गाडला गेलेला माणूस आतनं कळवळून ओरडतोय आणि वर त्याच्याच आवाजात कुणीतरी सांगतंय की काळजी करू नका, मी सुखात आहे. असं वाटायचं की नरडं फाडावं आणि शब्द हातानं बाहेर काढावा.

नकार कळवायची वेळ आली. सकाळी सईनं माझ्या खाटेशेजारी बसूनच फोन लावला. मुद्दाम माझ्यासमोर, मला बरं वाटावं म्हणून. तिकडं घंटी वाजत होती. वनिता भांडी घासता घासता थांबली होती. उमज माझ्या मांडीवर उघडा होता आणि मला ठाऊक होतं की त्याच्यावर एकही अक्षर दाबण्यात अर्थ नाही.

तेव्हा मला सुचलं. कुणी सुचवलं नाही, मला सुचलं. मी उमज डाव्या हातानं बाजूला सारला, तोच हात वर उचलला, आणि डाव्या मांडीवर शड्डू ठोकला.

सणकन वाजला. मी परत ठोकला. परत. मांडी लाल झाली.

आमच्या घरात शड्डूचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हार मानणारा शड्डू ठोकत नाही. घरी बस म्हणणारा तर नाहीच नाही. पहिल्या कुस्तीला ही पोरगी थरथरत उभी होती तेव्हा आखाड्याबाहेरनं मी असाच ठोकला होता.

सईनं फोन कानापासनं काढला. तिकडनं कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणत होतं. तिनं तो बंद केला.

"पप्पा, जाऊ म्हणताय?"

मी ठोकला. इतक्यात वनिता ओल्या हातांनी आली, उमज सरळ करून माझ्यापुढं ठेवत म्हणाली, "अहो, काय होतंय? ह्याच्यावर सांगा ना." आणि तिचं बोट पडद्याकडं गेलं.

"मम्मी, हात मागं घे." सई असं आईशी कधी बोलत नाही. "तू हात लावू नको. त्यांना लिहू दे."

मी 'ज' दाबला. बोट अडखळलं. कुणी हात न लावताच उमज म्हणाला, "जाऊ नकोस सई. तू गेलीस तर आमचं कसं होणार?" आणि तो बोलत असताना मी त्याच्या वरताण शड्डू ठोकत होतो. एका खाटेवर दोन जालिंदर भांडत होते. सई एकदा त्याच्याकडं बघे, एकदा माझ्याकडं. मग ती आईकडं वळली. वनिता भिंतीला टेकून खाली बसली होती.

"ते माझं आहे," वनिता म्हणाली. "ते वाक्य माझं आहे गं सई. मला वाटलं ह्यांच्या मनातही तेच असेल."

आफरीनला व्हिडिओ कॉल लावला. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "काकू, दोघांच्या वाटा एकमेकींत मिसळल्यात. चहात साखर विरघळल्यावर परत काढता येते का? तुमचं तेवढं वेगळं करता येणार नाही. सगळंच पुसावं लागेल. काकांचं जुनं बोलणं, हा आवाज, सगळं त्याच चिपमध्ये आहे. मग उमज साधा राहील. जेवढं टाइप करतील तेवढंच दिसेल. बोलणार नाही."

"नक्कल?" सईनं विचारलं.

"नसते," आफरीन म्हणाली. "तेच तर विकतो आम्ही."

वनितानं उमज उचलून छातीशी धरला. "नका पुसू," ती म्हणाली. माझ्याकडं बघून म्हणाली, सईकडं नव्हे. "सई जाऊ दे. मी अडवत नाही. पण ह्याला राहू द्या. हा मला विचारतो हो. जेवलीस का, थकलीस का. तुम्ही काय, ह्याला पुसलं तरी गप्पच राहणार. मी कुणाशी बोलू मग?"

याला काय उत्तर द्यायचं? बोलता येत होतं तेव्हाही नसतं आलं. मी गावोगावच्या पडलेल्या पोरांना शब्द देत फिरलो आणि या बाईला तिचे शब्द स्वतःच यंत्रात घालून ऐकावे लागले. मला वाटलं राहू द्यावा. खरंच वाटलं. गप्प बसून राहावं, त्याला माझ्या नावानं नांदू द्यावं, हिचं तरी बरं होईल. पण मग मी कुठं जायचं? उद्या सई तिकडनं फोन करून विचारणार, पप्पा कसे आहात, आणि उत्तर कोण देणार? मेल्यावर माणसाच्या जागी दुसरं कुणी बोलतं ते ठीक आहे. मी जिवंत होतो.

मी डावा हात पुढं केला. मागितला. वनितानं लगेच दिला नाही. मीही हात मागं घेतला नाही. शेवटी तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला आणि तोंड फिरवलं. आफरीन सांगेल तसं सई करत गेली. पडद्यावर शेवटचा प्रश्न आला आणि कळ दाबून धरायची होती. सईनं बोट मागं घेतलं. मी अंगठा ठेवला आणि सगळा जीव त्यात ओतून दाबून धरला. माझ्या आवाजाची, मैदानांची, सगळ्या चावट वाक्यांची ती वाट होती. पडदा पांढरा झाला.

पांढऱ्या पडद्यावर मी 'ज' शोधला. काना शोधला. मध्ये कुणी काही बोललं नाही. 'जा' एवढंच उमटलं, मुकाट. सईनं वाकून माझ्या पायाला हात लावला, मग स्वतःच्या मांडीवर एक शड्डू ठोकला आणि बॅग काढायला आत गेली.

ती गेली. घर इतकं गप्प झालं की फ्रिजची घरघर कानाला टोचायला लागली. वनिता माझं सगळं करायची, औषधं, अंघोळ, पायाला तेल. पण बोलायची नाही. मी टाइप करायला लागलो की लांब जाऊन बसायची, हात पदराखाली. मला ते बघवत नव्हतं. कितीदा वाटलं, केलं ते चुकलं. एक अक्षर शोधताना घामाघूम व्हायचो आणि शोधलेलं अक्षर नेमकं शेजारचं निघायचं. तिकडं सगळी जुनी वाक्यं बसल्या जागी पुसून टाकली होती मीच.

एका दुपारी ती तेल चोळत होती. मी तिच्या खांद्याला हात लावून तिला थांबवलं आणि उमज ओढला. 'थ' सापडला. पुढं 'क'. 'ली' ला फार वेळ गेला. ती उठून जाईल असं वाटत होतं, पण ती बसून राहिली. तिचे तेलाचे हात हवेत तसेच धरलेले. एकदा तिचं बोट पुढं आलं, पुढचं अक्षर तिला कळलं होतं, आणि तिनं ते मिटून घेतलं. गॅसवर दूध होतं. ते उतू गेल्याचा वास आला तरी आम्ही दोघंही हाललो नाही.

'थकलिस का'. ऱ्हस्व दीर्घाची बोंब, पण पुरं झालं.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडं न बघताच विचारलं, "हे कोण विचारतंय?"

मी डावा हात माझ्या छातीवर ठेवला.

"लई," वनिता म्हणाली. "लई थकलेय."